सखूबाईचं वेगळं, माझं वेगळं

१२ जाने. १९९८, सोम. अंबरनाथ
लिहावं लागतंय, कारण कांचनचं डीटीपीचं दुकान शनिवारी बंद होतंय आणि कॉम्प्युटर त्याच दिवशी विकला जाणार. आमच्या रानभाज्यांच्या पुस्तकाची पानं तिने लावली, ती त्यातच आहेत. पुण्याच्या प्रकाशकांचं सॉफ्टवेअर दुसरं. लावलेली पानं चालत नाहीत. मजकूर खुणांसकट, म्हणजे शीर्षक कुठलं, बोलणं कुठलं ते दाखवून, वेगळा आणि चित्रं वेगळी हवीत. काय काढलं, काय राहिलं, नोंद नसली तर घोळ होईल.

उल्हासनगरला कॅम्प २ मध्ये तिच्याकडे गेले. मजकूर बाहेर काढला तर सगळा सपाट. शीर्षक, कृती, बारवी धरणाकडच्या पाड्यावरच्या, भाज्या सांगणाऱ्या सखूबाईचं बोलणं, सारं एकसारखं. पुस्तकात तिचं बोलणं तिरप्या अक्षरात आहे. ते गेलं की तिचं सगळं शहाणपण माझ्या नावावर. चालायचं नाही.

कांचन: "मॅडम, सब ऐसेच करते हैं. सिलेक्ट करायचं, तिरछा करायचं, खतम." खुणा लावायची सोय असते, कोणी वापरत नाही. मी तिला बोलायचं ते बोलले. तिने हसून चहा मागवला.

१३, मंगळ.
दिवसभर खुणा. सखूबाईच्या बोलण्याच्या खुणेला कांचनने नाव दिलं 'सखू'. आता मजकूर बाहेर आला की त्या परिच्छेदाआधी कंसात सखू येतं. पण खूण अख्ख्या परिच्छेदाला लागते, अर्ध्या वाक्याला नाही. म्हणून माझ्या वाक्यांत कोंबलेलं तिचं बोलणं उचलून स्वतंत्र केलं. वाचायलाही तेच बरं.
कांचनकडे आज लाल लोई, सिंध्यांचा शेकोटीचा सण. तिच्या आईचे दोन निरोप आले तरी उठेना. शेवटी मीच हाकललं.

१४, बुध. संक्रांत
चित्रांची धास्ती होती. पावसाळ्यात सखूबाईने आणलेली पानं आम्ही थेट स्कॅनरच्या काचेवर ठेवली होती. आता जानेवारीत टाकळा, कुर्डू कुठून आणू? मूळ स्कॅन कांचनने जागा करायला पुसलेले. पण चित्र पुस्तकाच्या पानातच ठेवून द्यायची तिची सवय. त्याने फाइल जड व्हायची, मशीन रखडायचं, मी चिडायचे. त्याच सवयीने वाचवलं. एकेक पान शिरांसकट बाहेर निघालं. देवाची कृपा, आणि कांचनची.
तिळगूळ दिला. "अब तो मीठा बोलो, मॅडम." बोलले.

१५, गुरु.
शेवटच्या पानांत सखूबाईचं बोलणं तिरपं करायचंच राहिलेलं. माझ्या कच्च्या कागदांतही दोघींचं मिसळलेलं. बदलापूरहून जीप, पुढे चालत पाड्यावर. सखूबाई अंगण सारवत होती. मी वाचायचं, तिने सांगायचं.
"ह्ये तुजं. 'किंचित' मी कवा बोलते?"
"आणि हे? शेवळाची खाज काकडानं जाते, माणसाची कामानं."
"त्ये माजं."
"पाऊस सरला की रान गप होतं."
"त्ये बी माजंच."
"ते मी लिहिलंय, सखूबाई."
"लिवलंस तू. बोलले मी, लोताची भाजी निवडताना. तू इसरलीस, बाय."
असेल. नसेलही. तिला दिलं. निघताना तिने वालाच्या शेंगा बांधून दिल्या, नको म्हटलं तरी.

१६, शुक्र.
नव्या खुणा घालून मजकूर पुन्हा काढला. एक फ्लॉपी वाचेना, दुसरीवर घेतलं. कांचन जेवली नाही. तिचा भाऊ या जागेत जीन्सचं दुकान घालतोय, हिचं पुढे काय ते ठरलं नाही. हे आज विचारलं. इतके दिवस माझंच चाललेलं.

१७, शनि.
प्रकाशकांचा माणूस दुकानातच आला. मशीन नेणारा टेम्पो बाहेर उभा.
पडद्यावर बघून म्हणाला, "हे सखू सखू काय आहे? काढून टाकू ना?"
कांचन माझ्याआधी बोलली. "हात नहीं लगाना. ती रायटर आहे."

त्याला दिलं:
मजकूर, खुणांसकट.
चित्रं, प्रत्येक भाजीचं वेगळं.
आमचा मराठी फॉन्ट. त्याशिवाय अक्षर उमटायचं नाही.
छापील पानांचा संच, सखूबाईचं बोलणं लाल शाईने दाखवून.
मुखपृष्ठाचा मजकूर, दोन नावांचा, तिच्या आणि माझ्या. हा त्याने दोनदा वाचला. "साहेबांना विचारावं लागेल," म्हणाला, आणि घडी घालून वरच्या खिशात ठेवला.