लिंबातला खिळा

१२ जानेवारी, रविवार

सोमेश्वर खोटं बोलतो. मशीनचं तोंड सहा इंच, असं दुकानात पुन्हा पुन्हा सांगत होता. मी टेप लावला. बाहेरचं तोंड सहा इंच, पण आत रोलरपाशी साडेचार! "ताई, टेप घेऊन कुणी मशीन बघाय येतं व्हय?" म्हणाला, आणि चहा मागवला. मी घेतला नाही.

पाटोद्यात फांद्या गिळून चुरा करणारी मशीनं फक्त त्याच्याकडे आहेत. दोन आहेत, दोन्ही ट्रॅक्टरवर चालणारी. एकात फिरत्या चकतीवर पाती – काप स्वच्छ, चुरा एकसारखा, आमच्या छोट्या ट्रॅक्टरला झेपेल असं. दुसऱ्यात पात्यांऐवजी हातोडे. ते लाकूड कापत नाही, झोडपतं. डिझेल जास्त पितं, चुरा ओबडधोबड. पण दगड आला, लोखंड आलं, तरी बंद पडत नाही. मला पात्यांचं हवं आहे. तो हातोड्यांचंच पुढे करतो. का?

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ द्यायला भागवत आला – चुलतभाऊ, गावचा होऊ घातलेला पुढारी. "काय इंजिनेर बाई, काडीकचऱ्याला मशीन घेणार म्हनं? एक काडी लाव. फुकटात काम!"

गेल्या उन्हाळ्यात तेच झालं. आमच्या रानातल्या झाडीत छाटून पडलेल्या वाळक्या फांद्या पेटल्या. अर्धा एकर झाडं गेली, शेजाऱ्याची कडब्याची गंजी गेली. काडी कुणाची, ते आजवर कळलेलं नाही. पण उरलेल्या झाडीतून पवनचक्कीच्या क्रेनसाठी रस्ता कुणाला हवा आहे, ते कळलेलं आहे. कंपनीचे लोक भागवतला विचारतात, भागवत माझ्या वडिलांना, आप्पांना.

तो गेल्यावर आप्पा म्हणाले, "योगिता, शिमग्याच्या आत रानात वाळकी काडी दिसता कामा नये. दिसली, तर मी रस्ता देऊन मोकळा होतो. लोकांच्या गंजी जाळायच्या न्हाईत मला."

आप्पा बोलले की बोलले. मशीन वेळेत आलं तर झाडी राहते, नाही तर जाते. इतकंच.

१९ जानेवारी, रविवार

आज पात्यांचं मशीन रानात आणून चालवून दाखवायचं होतं. सोमेश्वर सोबत स्वतःच्या फांद्या घेऊन आला – ताजी, ओली सुबाभूळ! ती कोयत्यानेही कापते. मी म्हटलं, लाकूड माझं. वाळकी बाभूळ घातली. गेली. खैर घातला, गेला. आवाज थोडा चढला, पण ट्रॅक्टर दबला नाही. कुंपणावर कललेल्या कडुलिंबाची फांदी मी परवा उतरवून घेतली होती, दंडाएवढी. ती घातली.

कडाड् – आणि सगळं थांबलं. पात्याचा तुकडा पत्र्याच्या झाकणात रुतून बसला. झाकण नसतं तर समोर आप्पा खुर्ची टाकून बसले होते.

लाकडात खिळा निघाला. बोटाएवढा लांब, काळा पडलेला.

आप्पा शांतपणे उठले, खुर्ची उचलून लांब ठेवली, पुन्हा बसले. सोमेश्वर मान हलवत म्हणाला, "म्हनून म्हनत व्हतो, हातोड्याचं घ्या. आपल्याकडच्या झाडांत काय निघंल, काय सांगता येत न्हाई."

त्याला हे आधीपासून माहीत होतं?

२० जानेवारी

सोमेश्वर आणि भागवत शाळेत एका बाकावर होते. आज आई सहज बोलून गेली.

२२ जानेवारी, बुधवार

खिळ्याभोवतीचं लाकूड उभं चिरून पाहिलं. साल खिळ्याच्या डोक्यावरून पूर्ण वाढून मिटलेली. निदान चार-पाच पावसाळे. मशीनचा विषय गेल्या दिवाळीचा. म्हणजे हा खिळा मशीनसाठी ठोकलेला नाही. तिथे माझा हिशेब चुकला.

तरी जुन्या स्पीकरचं चुंबक काठीला बांधून सगळी झाडं तपासली. कुंपणाच्या तारेचे तुकडे सापडले, ते समजू शकते. पण त्याच लिंबाच्या बुंध्यात, माझ्या छातीच्या उंचीवर, दुसरा खिळा आहे. चकचकीत. भोवतीचा डिंक बोटाला चिकटतो. डोक्याखाली काळा दोरा गुंडाळलेला.

हा नवा आहे. हा मशीनचा विषय निघाल्यानंतरचा आहे.

दोरा वगैरे मला भिववण्यासाठी असणार. भीती नाही वाटली. राग आला. पात्याच्या मशीनसमोर असा एक खिळा आला की माणूस जाऊ शकतो. ठोकणाऱ्याला हे कळत नसेल, की कळतं म्हणूनच?

२६ जानेवारी, रविवार

धुळाजीमामा भेटले. त्यांची मेंढरं आमच्या शेतात बसतात, लेंडीखत आम्हाला मिळतं. बदल्यात आमच्या छाटलेल्या फांद्यांचा पाला त्यांच्या शेळ्यांना. मशीन आलं तर पाला जाईल, ही त्यांची धास्ती. शेळ्यांनी फांदी ओरपली की मगच मशीनमध्ये घालीन, असं मी दिवाळीतच कबूल केलं आहे. तरी संशयितांत ते आहेतच.

"मामा, लिंबात खिळे कोण ठोकतं?"

"मला इचारता? माज्या शेळ्या ठोकत असतील. लई गुनाच्या हायेत!"

"मस्करी नको."

मग हसणं गेलं. काठी या हातातून त्या हातात घेतली. "लिंबाला हात लावू नगा, ताई. दुसरी झाडं हायेत की."

"का?"

"कावून म्हंजे? न्हाई लावायचा, म्हनून."

आणि शेळ्यांना हाका मारत निघून गेले. त्यांना माहीत आहे. सांगत नाहीत.

३० जानेवारी, गुरुवार

भागवतला चावडीसमोर विचारलं, चारचौघांत. एकांतात विचारलं असतं तर नंतर फिरवलं असतं.

हसला आधी. मग लाल झाला. "मी खिळं ठोकीन? मला रस्ता पायजे, त्यो मी आप्पाला तोंडावर मागतो! दोरं बांधत फिरायला मी काय देवऋषी हाय का?" वळून जाता जाता म्हणाला, "पुन्यातली चांगली नोकरी सोडून हितं काटक्या मोजत बसलीस. त्ये कावून, ते सांग की आधी लोकांला."

त्यात सांगण्यासारखं काही नाही. तीन वर्षं शेतीयंत्रांच्या चाचण्या घेतल्या. एक दिवस राजीनामा दिला आणि आले. कुणी बोलावलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. माझा निर्णय होता. आजही आहे.

पण तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना भागवत आवाज खाली घेतो. आज ओरडला.

घरी आले तर आईपर्यंत बातमी पोचलेली. भाकरी थापता थापता म्हणाली, "कशाला त्या पोराच्या अंगावर गेलीस?" बाजू घेते त्याची! तव्यावरची भाकरी करपली. आईची भाकरी कधी करपत नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

ठरलं. पात्यांचंच मशीन. हातोड्यांचं आमचा ट्रॅक्टर ओढणार नाही. भाड्याचा मोठा ट्रॅक्टर आणला, तर तो दोन झाडांच्या मधून वळणार नाही – त्याला वळायला रस्ता करावा लागेल. म्हणजे भागवतचंच काम झालं! सोमेश्वरला मोडक्या पात्याचे अर्धे पैसे देते म्हटलं. त्याने झाकणाचं सगळं काम फुकट करून देतो म्हटलं. चहा घेतला.

प्रत्येक फांदी चुंबकाखालून जाईल. पण ठोकणारा अजून मोकळा आहे, आणि मशीन आल्यावर एक खिळा पुरे आहे. तो सापडल्याशिवाय आगाऊ रक्कम द्यायची नाही. उद्यापासून सकाळी झाडीत.

५ फेब्रुवारी, बुधवार

उजाडताना लिंबापाशी आई होती. हातात कुंकवाची पुडी. मला पाहून दचकली नाही.

"जुना बी मीच ठोकलता. तू पुन्याला गेलतीस तवा. देवऋष्यानं दिलता, पोरगी माघारी यावी म्हनून."

"आणि हा?"

तिने नव्या खिळ्याला चिमूटभर कुंकू लावलं. "मशीन आलं की तू हितलीच झालीस. ह्यो तू परत पुन्याला जावी म्हनून."

खिळा काढायला आणलेली पक्कड मी तिच्यापुढे धरली. तिने घेतली नाही.