बाबांच्या नावाचं समन्स

नास, काउंटी किल्डेअर, आयर्लंड
१२ डिसेंबर २०२१

प्रिय दादा,

तुला आणि विद्यावहिनीला नमस्कार. हाताने लिहिलेलं पत्र बघून दचकू नकोस, आम्ही सगळे बरे आहोत. सानिकाला ती काम करते त्या टॅलाच्या हॉस्पिटलात तिसरी लस मिळाली, माझी पुढच्या आठवड्यात आहे. ध्रुवला मराठीत काही विचारलं की "आय'म ग्रँड, बाबा", म्हणजे इथल्या भाषेत 'मी मजेत', म्हणून वर पळतो. साडेचारलाच अंधार पडतो सध्या.

फोनवर हे बोलायचा मी तीनदा प्रयत्न केला. दर वेळी तू "बाकी काय?" विचारलंस आणि मी हवामान सांगितलं.

ऑक्टोबरात मी तुझ्याकडून बाबांच्या मृत्यूचा दाखला मागवला, तेव्हा बँकेला हवाय म्हणालो होतो. ते खोटं होतं. दाखला कोर्टाला हवा होता. बाबांच्या नावाने इथे समन्स आलं होतं.

आता सुरुवातीपासून सांगतो.

गेल्या वर्षी नोव्हेंबरात, लॉकडाऊन चालू असताना, मी कारखान्यात जायला उशीर झाला म्हणून गाडी जोरात काढली. साठच्या रस्त्यावर त्र्याऐंशी. कडेला उभ्या असलेल्या कॅमेऱ्याच्या व्हॅनने टिपलं. डिसेंबरात नोटीस आली. तिच्यात लिहिलं होतं, दंड भरा आणि परवान्यावर तीन पॉइंट घ्या. गाडी दुसरं कोणी चालवत असेल तर त्याचं नाव कळवा. नाहीतर कोर्टात या. बारा पॉइंट झाले की इथे सहा महिने परवाना जातो. माझे नऊ आधीच झाले होते. नागरिकत्वाचा अर्जही तेव्हाच भरत होतो आणि त्यात असल्या गोष्टी विचारतात.

बाबा त्याच वर्षी फेब्रुवारीत आले आणि विमानं बंद झाल्यामुळे अडकले, ते तुला ठाऊक आहे. उन्हाळ्यात मी त्यांचं नाव गाडीच्या विम्यात घातलं होतं. दोनदा त्यांनी दुकानापर्यंत गाडी नेली होती, तेवढ्यानेही खूश होते.

मी त्यांना म्हणालो, "बाबा, तुमचं नाव लिहितो. तुम्ही दोन महिन्यांत परत जाल, तुम्हाला काही फरक पडत नाही."

ते चहा पीत होते. म्हणाले, "मी जोरात चालवत होतो, असं लिहायचं?"

"फक्त कागदावर, बाबा."

दादा, बत्तीस वर्षं मिरज डेपोची एसटी चालवलेला माणूस. विनाअपघात सेवेचा बिल्ला छातीवर लावून वहिनीच्या आणि तुझ्या लग्नात उभा राहिलेला. ते उठले, खोलीतून परवाना आणला, टेबलावर माझ्यासमोर ठेवला आणि नंबर नीट दिसावा म्हणून तो माझ्याकडे फिरवला. मी उतरवून घेतला.

त्या दिवसापासून ते माझ्या गाडीत बसले नाहीत. पावसातही दुकानात चालत जायचे. जानेवारीत त्यांच्या नावाची नवी नोटीस आली. दंड मी भरतो म्हटलं, तर त्यांनी नोटिशीचं पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं. म्हणाले, "न केलेल्या गुन्ह्याचा दंड भरला की गुन्हा आपला होतो. मी भरणार नाही, तूही भरायचा नाहीस." पुढच्याच आठवड्यात म्हणाले, "माझं तिकीट काढ."

सुतकात तू मला विचारलं होतंस, "तिकडे सुखात होते, मग एकदम का आले?" मी म्हणालो, घराची ओढ लागली होती. ते घराच्या ओढीने आले नाहीत. माझ्यामुळे आले. इथे राहिले असते, तर एप्रिलात तुला मिरजेत त्यांच्यासाठी हॉस्पिटलातली खाट शोधत दारोदार फिरावं लागलं नसतं. हे वाक्य लिहायला मला सात महिने लागले.

त्यानंतरचं मी सानिकालाही पूर्ण सांगितलेलं नाही.

मे महिन्यापासून सकाळी गाडीत बसलो की गुडघे डॅशबोर्डला लागायला लागले. सीट पुढे ओढलेली असायची आणि आरसा खाली वाकवलेला, माझ्यापेक्षा बुटक्या माणसासाठी असतो तसा. सानिका गाडी चालवत नाही. ध्रुव आठ वर्षांचा आहे आणि दुसरी किल्ली माझ्या कपाटात असते. मी रोज सीट मागे घ्यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा पुढे. गॅरेजवाल्याने सगळं तपासलं आणि सीट घट्ट आहे म्हणाला. पुढे पुढे मी कोणाला विचारायचंच सोडून दिलं.

सप्टेंबरात समन्स आलं. दंड भरलेला नसल्यामुळे प्रकरण कोर्टात गेलं होतं. वर बाबांचं पूर्ण नाव, खाली आमचा पत्ता. मी मिसेस डेलनी नावाच्या वकीलबाईंकडे गेलो आणि त्यांना खरं काय ते सांगितलं. त्या म्हणाल्या, "सरळ रस्ता आहे. माणूस वारला, दाखला दिला की एका मिनिटात प्रकरण संपेल. तू गाडी चालवत होतास असं सांगितलंस तर खोटी माहिती दिल्याचा आरोप तुझ्यावर येईल, परवाना जाईल, नागरिकत्वाचं काय होईल सांगता येत नाही. पण मला हे सांगितलं आहेस, तर मी कोर्टात खोटं बोलणार नाही. आणि आधी फोटो मागवू."

फोटो आला तेव्हा त्यांनीच तो आधी बघितला. इथे कोणाबद्दलही बोलताना 'युअर मॅन' म्हणतात. त्या म्हणाल्या, "युअर मॅन इन द फोटो, हा तुझा बाप आहे का?"

मी फोटो हातात घेतला. गाडी माझी होती, नंबर माझा, तारीख नि वेळही तीच. स्टिअरिंगच्या चाकामागे बाबा बसले होते. नोव्हेंबरच्या थंडीत शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, दोन्ही हात चाकाच्या वरच्या बाजूला, अंग थोडं पुढे झुकलेलं. पांढरे केस. कॅमेऱ्याकडे सरळ बघत होते. रागावलेले नव्हते, दादा. गाडीत दुसरं कोणी नव्हतं.

मिसेस डेलनींनी मला पाणी दिलं. हळूच म्हणाल्या, "मग तू माझ्याशी खोटं का बोललास?"

गेल्या महिन्यात कोर्टात तारीख होती. सगळे मास्क लावून लांब लांब बसलेले. बाबांचं नाव वेडंवाकडं करून पुकारलं. मी उभा राहिलो. मला वाटलं, माझ्या मागच्या बाकावरही कोणीतरी उभं राहिलं, लाकूड करकरलं. मागे कोणी नव्हतं. वकीलबाईंनी दाखला दिला. न्यायाधीशबाईंनी वाचला, वाईट वाटलं म्हणाल्या, आणि प्रकरण काढून टाकत असल्याचं सांगितलं. मी नुसतं खाली बसलो असतो तरी झालं असतं.

मी म्हणालो, "माझे वडील चालवत नव्हते. मी चालवत होतो. त्यांचं नाव मी खोटं लिहिलं."

न्यायाधीशबाईंनी पोलिसाकडून फोटो मागून घेतला, मला मास्क काढायला सांगितलं. एकदा फोटोकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग पुन्हा फोटोकडे.

"हा म्हातारा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "बाप गेल्यावर मुलं अशी स्वतःला दोष देतात, मी पाहिलंय. तुम्ही घरी जा."

"तो फोटो खरा नाही," मी म्हणालो.

"घरी जा," त्या पुन्हा म्हणाल्या, अगदी मायेने.

माझ्यावर काहीही कारवाई झाली नाही. परवाना शाबूत आहे. नागरिकत्वाचा अर्ज पुढे सरकलाय. सीट त्या दिवसापासून जागची हललेली नाही. बाबा ते आपल्या अंगावर घेऊन गेले, आणि मी खरं सांगितलं तरी कोणी मानायला तयार नाही. मी स्वतः कधीकधी आठवून बघतो, त्या सकाळी चाक कोणाच्या हातात होतं, आणि मला नीट आठवत नाही. मला याचीच भीती वाटते.

परवा घरच्या टॅबमधले जुने कॉल चाळत बसलो होतो. फोटोवरची तारीख २४ नोव्हेंबर होती. तुझा वाढदिवस. आमच्याकडे सकाळी नऊ वाजता बाबांनी त्याच टॅबवरून तुला व्हिडिओ कॉल लावला आणि तुम्ही दोघं सव्वीस मिनिटं बोललात. फोटोवर नऊ वाजून बारा मिनिटं आहेत. म्हणजे तेव्हा बाबा आमच्या स्वयंपाकघरात तुझ्यासमोर बसले होते, आणि ते पाहिलेला तू एकटाच आहेस.

फोटोची प्रत सोबत ठेवली आहे. बघायची की नाही ते तू ठरव. बघितलास तरी त्याच्यावर विश्वास ठेवू नकोस. मला माफ कर असं मी म्हणत नाही. तू रागाव, बोलणं सोड, वहिनीला सांग, मिरजेत सगळ्यांना सांग. पण एवढं लिहून पाठव, की त्या वेळी बाबा तुझ्याशी बोलत होते आणि गाडीत मी होतो.

त्या सकाळी गाडी चालवणारा,
तुझा धाकटा भाऊ
आशुतोष