आस्सुन्ता कापुओत्सो जिवंत आहे

नेपल्स, ४ मार्च

चि. अनिएल्लोस अ. उ. आ.

खालच्या मजल्यावरच्या रेस्तितुताने फोनवर सांगितलंच, तरी माझ्या अक्षरात वाच: मी जिवंत आहे. तू नुसता रडलास म्हणे. माझा फोन घरात अडकलाय, म्हणून पत्र.

सोमवारी वारली ती आपली चुलत बहीण. आजीचं नाव प्रत्येक मुलाने आपल्या पोरीला ठेवायचं ही आपली रीत, म्हणून घराण्यात दोन आस्सुन्ता कापुओत्सो. काळ्या चौकटीचे मयताचे कागद आपल्या गल्लीपासून पिन्यासेक्काच्या बाजारापर्यंत भिंतीभिंतीवर लागले, आणि माझ्या घरमालकाला उकळ्या फुटल्या. प्रवाशांना रोजाने घर द्यायला सात वर्षं माझ्या मरणाची वाट बघतोय मेला!

तिला पोचवून आले, तर दाराला नवं कुलूप. मालकाचा माणूस जिन्यात मला बघून देवाचं नाव घेत भिंतीलाच चिकटला. धीर आल्यावर म्हणतो, बाई, तुम्ही गेलात असं आम्हाला कळलंय, जिवंत असल्याचा दाखला आणा. चाळीस वर्षं त्या घरात हातमोजे शिवले मी! सध्या खाली रेस्तितुताकडे आहे. ती म्हणते, खोटं मरण आलं की आयुष्य वाढतं. गल्लीने लॉटरीत अठ्ठेचाळीस लावला, बोलणाऱ्या मढ्याचा आकडा. लागला नाही.

त्या माणसाला कुणी सांगितलं असेल रे? तब्येतीला जप.

तुझी ताई

जिनोआ, ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मी सांगितलं. मालकाच्या माणसाचा फोन आला तेव्हा मी गोदीत क्रेनखाली होतो. भिंतीवरच्या कागदाचा फोटो त्याने पाठवला. नाव वाचलं आणि म्हणालो, हो, माझीच ताई. दुसरी आस्सुन्ता आठवलीच नाही. घर ताब्यात घेऊ का म्हणाला. मी म्हटलं घ्या, फक्त आईचं शिलाई मशीन पाठवा. ताई, ते कुलूप माझ्या शब्दावर लागलं. तुझा आवाज ऐकायची हिंमत नाही, म्हणून लिहितोय.

आता भांडू नकोस, इकडे ये. इथेही बंदर आहे, चढाच्या गल्ल्या आहेत, खिडकीतून दीपस्तंभ दिसतो. घर म्हणजे काय, चार भिंती. राग कर, पण माया पातळ करू नकोस.

तुझा अनिएल्लो

नेपल्स, १५ मार्च

चि. अनिएल्लोस अ. उ. आ.

मला मेलेली मानलंस, ते माफ. मशीन मागितलंस, ते नाही.

चार भिंती म्हणे! तुझा दीपस्तंभ काय चाटायचाय? इथे चौथ्या मजल्यावरून दोरीने टोपली सोडली की काय भरायचं ते भाजीवाल्याला सांगावं लागत नाही. तिकडे सोडली तर पोलीस येतील.

मयताचे कागद छापतात त्याच छापखान्यात गेले. तीच काळी चौकट घेतली. मजकूर असा: आस्सुन्ता कापुओत्सो जिवंत आहे. मुक्काम चौथा मजला, होता तोच. सांत्वनाला येऊ नये. आल्यास टोमॅटो आणावेत. मी आणि रेस्तितुताने खळीचा डबा घेतला आणि गल्ली, बाजार, तोलेदो रस्ता, थेट बंदरावरच्या किल्ल्यापर्यंत साठ कागद डकवले. शेवटचा मालकाच्या कचेरीच्या काचेवर, तो आत बसलेला असताना. मागे अख्खी गल्ली उभी. तो ओरडला, बाई, माझी अब्रू काढता, फिर्याद करीन. मी म्हटलं, कर की, मेलेल्या बाईवर फिर्याद कर! संध्याकाळी किल्ली हातात आली.

एक सांगायचं राहिलं. अशा कागदाच्या तळाशी घरच्या माणसाचं नाव लागतं, नाहीतर लोक म्हणतात, बिचारीला कुणी नव्हतं. मी तुझंच छापलंय: कळवणार, भाऊ अनिएल्लो. साठ भिंतींवर तू माझ्या बाजूने उभा आहेस. आता एकदा स्वतः येऊन उभा राहा.

शनिवारच्या गाडीने ये. जिना चढण्याआधी खालून माझ्या नावाने हाक मार, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी.

आयुष्य वाढलेली तुझी ताई,
आस्सुन्ता