ओटीतला नारळ

प्रिय मोनाली,

आईला घरी सोडायला म्हणून पिंपळगावला आले, ती इथंच अडकून पडले. पोळा तोंडावर आला तरी पावसानं ओढ दिलेली आहे, सोयाबीन माना टाकून उभं आहे. शाळेतली मुलं माझी आठवण काढतात का? आमच्या घरात मीच पहिली पदवीधर, म्हणून लेक शिकवते ती शाळा दाखवायला आईला मोठ्या हौसेनं तुमच्या बेटावर आणलं होतं. तिनं जन्मात पहिल्यांदा समुद्र पाहिला, तोही तुमच्या नारळी पुनवेला.

तो दिवस मनातून जात नाही. होड्या सजल्या होत्या, नारळ अर्पण झाले होते, बायकांची गाणी रंगली होती आणि एक नारळ लाटेबरोबर परत आला. तुमच्यात तो वल्ह्यानं आत ढकलतात, हात लावत नाहीत, हे आईला कुठं ठाऊक! आमच्या रेणुकाईच्या देवळात पुजारी देवीपुढचा नारळ ओटीत घालतो, तो केवढा मान. तिनं नारळ उचलून पदरात घेतला आणि ओरडली, "बघ अर्पे, समुद्रानं माझी वटी भरली!" गाणं थांबलं. तुझ्या आत्या एवढंच म्हणाल्या, "दिलेलं परत घेऊ नये गो." आईला ते ऐकूच गेलं नाही, ती नारळावरची वाळू पुसत होती. मी मात्र हसले आणि समुद्र कुणावर रागवत नसतो, असं आत्यांनाच समजावलं.

घरी येऊन आईनं तो फोडला. खोबरं खारट लागलं म्हणून शेजारपाजारी कुणी खाईना. प्रसाद टाकायचा कसा, म्हणून तिनं एकटीनं संपवला.

तेव्हापासून ती कोरडं अंगण लुगडं वर धरून ओलांडते. तिच्या पावलांना दिवसभर पाण्यात उभं राहिल्यासारख्या सुरकुत्या पडल्यात. जाफराबादच्या डॉक्टरांनी तपासलं, शुगर, बीपी सगळं बराबर. कधी भर दुपारी, कधी अपरात्री ती खाटेवर पाय घेऊन बसते, "पाणी चढून राह्यलं, पिठाचा डबा वर ठेव," म्हणते. मी विज्ञान शिकलेली. तिचा भ्रम तिला दाखवावा म्हणून मोबाइलवर तुमच्याकडच्या भरतीच्या वेळा काढल्या. तिची एकही वेळ चुकलेली नाही.

फोनवर हे बोलता येत नाही, ती ऐकते. म्हणून लिहिते आणि या कागदाचा फोटो तुला पाठवते. आज सकाळी ती नवं लुगडं नेसून ओट्यावर बसली आणि म्हणाली, "मला तिकडं नेऊन सोड." परत कधी यायचं, असं मी विचारलं, तर मायेनं हसली. "येडी का काय? दिलेलं परत घेतात व्हय?" उद्या अमावास्या, मोठं उधाण. मोनाली, आत्यांना जल्दी विचार, त्या नारळाच्या बदल्यात दुसरा नारळ चालतो का? चालत असेल तर आईला घरात कोंडून मी आजच निघते. चालत नसेल, तर मला काही लिहूच नकोस.

तुझीच,
अर्पिता