शेवटचं कडवं

बारक्या,

तू गेल्यावर तुझी मालाची गाडी विकायची ठरली, म्हणून आज सामान काढायला गेले. टेप लावला तर तुझं तेच गाणं. चुकलेला माणूस अंधारातून घरी यायला निघतो ते.

शेवटचं कडवं तू कधी वाजू दिलं नाहीस. "अरे, पुढे ऐकू दे की," म्हटलं, तर म्हणायचास, "ताई, पुढचं आपल्यासाठी नाही." गाडी मागे घेताना माझी पोर तुझ्या चाकाखाली येऊन गेली, तेव्हापासूनची ही सवय. मीही कधी जास्त विचारलं नाही.

आज पूर्ण ऐकलं. शेवटचं कडवं त्या माणसाचं नाहीच रे. तिथे एक बाई गाते, "आलास? हात धू, बस." एवढंच. तुझे भाऊजी म्हणाले, ही बाई म्हणजे देव. मला नाही पटलं. देव कशाला हात धुवायला सांगेल?

माफ केलं, असं मला तुला कधी म्हणता आलं नाही. आत्ता लिहितानाही ते शब्द येत नाहीत. पण रोज तुला गरम वाढत होते. त्याचा अर्थ तुला लागला होता का?

तुझी ताई