डाव्या कानातली सरकी

अकोला, मंगळवार संध्याकाळ

हेडफोन घेतला तो नुसता रंग पाहून. आवाज डब्यातल्यासारखा पोकळ. म्हणून त्याच्या दोन्ही वाट्या उघडून आत कापूस भरला, बाबांनी शेतातला वातींसाठी दिलेला. आवाज भरदार झाला, पण डावीकडे खरखर. पुन्हा उघडलं तर कापसात एक सरकी राहिलेली. वेंधळी मी.

ती काढली आणि तपासायला आमच्या भजनाचं जुनं रेकॉर्डिंग लावलं. बाबा खंजिरीवर. शंभरदा ऐकलं असेल. आज पहिल्यांदाच दोन कडव्यांच्या मधे त्यांचा दबका आवाज आला. पेटीवाल्या काकांना सांगत होते, "मले पेटी आयकू येत नाई. तू मान हालव, मी ताल धरतो. पोरीले सांगू नको."

पोरीले म्हणजे मला.

रेकॉर्डिंग तीन वर्षांपूर्वीचं आहे. तीन वर्षं? सरकी समोर टेबलावर पडली आहे, एवढीशी.

परवाच फोनवर मी त्यांच्यावर ओरडले होते, "तुमाले माझं आयकाचंच नसते." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "हो, जेवलो."

मला वाटलं, टाळून राहिले.