फकिराचा नंबर

६ मे २०१९, सोमवार

सहा दिवसांनी नळ आला, आणि आला तो बरोबर साडेसातला! पाणी भरत बसले. मग पुंडलिकनगरच्या नाक्यावर रिक्षा मिळेना. एमआरआयच्या खोलीत पोचायला पाऊण तास उशीर, बाहेर अकरा पेशंट. एकेकाला आत घेतलं. गंगापूरकडचे फकिरा आणि त्यांची बायको मनकर्णाबाई बाकावर बसलेलेच होते. "फकिरा ना? चला चला, लई उशीर झालाय." किल्ली, चुन्याची डबी सगळं बाहेर काढून ठेवलं, झोपवलं, काम सुरू.

सुकेशनी मॅडमच्या अभ्यासातले पेशंट आहेत हे. बीपीनं मेंदूतल्या अगदी बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. त्याचे फोटो काढायचे, तीन वर्षांनी परत काढायचे, काय बदललं ते बघायचं. फकिरांचा पहिला फोटो २०१६ चा, तो पण मीच काढलेला.

एक गोष्ट लिहून ठेवते. घाबरलं तर दाबायला आम्ही हातात रबरी फुगा देतो. यांनी तो मध्येच दाबला. माइकवर विचारलं, काय होतंय? तर म्हणतात, "काय नाय. बरं वाटतंय. आजून थोडं राहू द्या." अकरा वर्षांत असं कुणी म्हटलेलं नाही! सगळे बाहेर काढा म्हणून ओरडतात. कुठंतरी पाणी मुरतंय.

९ मे

मॅडमनी बोलावलं. स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी. २०१६ च्या मेंदूत पांढरे डागच डाग, उजवीकडं एक जुनं छिद्र. आताचा मेंदू जवळजवळ स्वच्छ.

"शीला, डाग थोडे कमी-जास्त दिसू शकतात. छिद्र बुजत नाही. आणि मेंदूच्या या घड्या बघ — हा माणूसच वेगळा आहे. नावांची अदलाबदल झाली का तुझ्याकडून?"

माझ्याकडून! मी प्रत्येकाला त्याच्या तोंडानं पूर्ण नाव सांगायला लावते. नियमच आहे माझा. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपतंय, आणि यात माझं नाव आलं तर नवीन मिळणार नाही. मशीन सोडून मला दुसरं येतं काय?

१० मे

आदिनाथ! नोंदणीच्या टेबलावर तोच बसतो, डोळे सदा मोबाईलमध्ये. विचारलं तर म्हणतो, "कार्ड बघितलं, शिक्का मारला. मला कशाला मधी घेता, ताई?" बोलताना नजर माझ्याकडं नव्हती.

त्या दिवशीचे अकराही फोटो मॅडमसोबत तपासले. फकिरांचा मेंदू त्यात कुणाचाच नाही. म्हणजे अदलाबदल झालेली नाही. आदिनाथ सुटला. पण मग खरे फकिरा त्या दिवशी इथं आलेच नव्हते!

११ मे

माळ्यावरून २०१६ ची डायरी काढली. सगळं लिहून ठेवायची माझी खोड कामाला आली. त्यात आहे — "गंगापूरचे धनगर. कानातली बाळी निघेना, साबण लावून काढली. म्हणाले, जपून बाई, आज्याची हाय." आणि या सोमवारी? सोमवारी मी बाळी काढलेलीच नाही!

मला तर जमिनीचाच वास येतोय. तिकडं नवा रस्ता चाललाय, प्लॉटिंगवाले फिरतायत. धडधाकट माणूस फकिरा म्हणून उभा करायचा, इथून मेंदू चांगला असल्याचा कागद न्यायचा, आणि तिकडं रजिस्ट्री! मग खरे फकिरा कुठं आहेत? आहेत का तरी?

आमचे हे म्हणाले, "दूधवाला झाला, आता धनगर. अगं, देवानं प्रसाद दिला तरी हुंगून बघशील तू." हसा म्हणावं.

१२ मे

मनकर्णाबाईला फोन केला. फकिराभाऊंना द्या म्हटलं. "ते झोपल्यात," म्हणाली आणि ठेवला. सकाळी अकराला झोपल्यात!!

१४ मे

मॅडम म्हणाल्या, "मुद्दाम दुसरा माणूस पाठवला असेल तर ती फसवणूक. फकिरांचं नाव अभ्यासातून काढावं लागेल." नाव काढलं की दर तीन महिन्यांची तपासणी बंद, बीपीच्या गोळ्या पण बंद. मी म्हटलं, काढा! पुरावा मी आणते.

१५ मे

एसटीनं गंगापूर, पुढं जीप. अंग उकडून निघालं. गावात टँकर लागलेला, घागरींची रांग पार शाळेपर्यंत.

घरासमोर लिंबाखाली बाजेवर एक म्हातारा. कानात बाळी! मला बघून उठायला लागला, एवढीएवढी पावलं, जमिनीला घासत. "आवं, या मशीनवाल्या बाई!" त्यांनी मला ओळखलं. मी त्यांना ओळखलं नव्हतं.

मी फाडकन विचारलं, मग सोमवारी मशीनमध्ये कोण होतं?

"बन्सी," म्हणाले. "माझा धाकला भाऊ."

मनकर्णाबाईनं सांगितलं. औंदा चारा नाही, पाणी नाही. शिमग्याआधी सगळी मेंढरं विकली, तेव्हापासून बन्सीची झोप गेली. आणि फकिरा मागल्या वेळी मशीनीतून निघाले ते डोकं गार झालं म्हणत. त्या दिवशी गाढ झोपले होते. तीन वर्षं तेच सांगतायत.

"माझा नंबर एकदा झाला व्हता," फकिरा म्हणाले. "म्हणलं, ह्या टायमाला बन्सीला जाऊ द्या. टँकरला बी आमी आसंच करतो. ज्याला जास्त नड, त्याचा नंबर आधी."

"अहो, ते औषध नाही! नुसता फोटो निघतो त्यात. गार लागतं ते एसीमुळं!" मी जवळजवळ ओरडलेच.

"व्हय? पर झोपला की त्यो. दोन दिस चांगला झोपला."

बन्सी मागं होता. मेंढरांचा रिकामा वाडा झाडत होता. रोज झाडतो म्हणे. माझ्याकडं बघून ओशाळं हसला. मी तोंड फिरवलं.

निघताना मनकर्णाबाईला सुनावलं, खोटं कशाला बोललात? ती तडकली. "आमी कवा खोटं बोललो? कारड मागितलं, दिलं. त्यास्नी कुनी नावच इचारलं नाय!" मग लगेच हळू आवाजात, "म्होरल्या गोळ्या मिळतील ना, बाई? गोळी चुकली की हे पार गळून जात्यात."

मी जीपमध्ये जाऊन बसले.

१७ मे

रिपोर्ट लिहायला घेतला. 'कुटुंबानं दुसरा माणूस पाठवला.' एवढं एक वाक्य आणि मी मोकळी. खोटंही नाही ते!

म्हणे कुनी नावच इचारलं नाय. खोटारडी बाई. मी विचारल्याशिवाय कुणाला आत घेतच नाही. आदिनाथला विचारलं तर मान खाली घालून म्हणाला, "मी लांब होतो, ताई. मला नाय म्हाईत." हा पण कायतरी लपवतोय.

१९ मे

रिपोर्ट अजून दिलेला नाही. मॅडमनी दोनदा विचारलं. मनकर्णाबाईचं ते गोळ्यांचं बोलणं कानातून जात नाही.

२० मे, सोमवार

तारखा जुळवायला मागची पानं उलटली. सहा मे. माझंच अक्षर — "फकिरा ना? चला चला." नाव मी विचारलंच नव्हतं, मीच सांगितलं होतं. साप साप म्हणून गावभर भुई धोपटत फिरले! मॅडमना लिहून दिलं, चूक माझी, त्या माणसांची नाही. फकिराभाऊंचं नाव राहिलं. जूनपासून मी नाही.

फकिराभाऊंचा फोटो राहिलाय, पुढच्या सोमवारी त्यांना आणा म्हणून फोन केला. तुम्हीही या म्हटलं, मॅडम तुमच्या झोपेचं बघणार आहेत. तोवर मशीनबाहेर एसीत बसा. पलीकडून स्वतः बन्सीभाऊच बोलत होते. त्यांना आधी पूर्ण नाव सांगायला लावलं.